उंबऱ्यावरचा आकडा

"कपाटाची किल्ली तुमच्याच कनवटीला हाय न्हवं? मग अडलंय कुठं?" खेड्यातून आलेली राहीबाई म्हणाली.

गंगाधरचा हात नकळत धोतराच्या कनवटीवर गेला. साताऱ्याच्या त्या वाचनालयात तो सहा वर्षं ग्रंथपाल होता. भिंतीवरच्या घड्याळात सव्वाचार झाले होते आणि चिटणीस लालासाहेबांचा टांगा पाचच्या सुमाराला यायचा.

"मावशी, ते कागद असे दाखवता येत नाहीत. चिटणिसांची चिठ्ठी लागते."

"आन् ती कुणाला मिळती?"

गंगाधरने कपाटाकडे पाहिलं. ते कागद आल्यापासून आठ महिन्यांत कुणी चिठ्ठी मागितलीच नव्हती.

एका नव्या आंतरराष्ट्रीय संस्थेचे तज्ज्ञ राहीबाईच्या गावाच्या खोऱ्यात हिंडून गेले होते. तिथे धरण बांधता येईल का, बांधलं तर पाणी कुठवर चढेल, याचा त्यांचा अहवाल गेल्या भादव्यात, म्हणजे अठ्ठेचाळीस साली, पोस्टाने वाचनालयात आला. लालासाहेबांनी तो न उघडताच काचेच्या कपाटात ठेवला. "परदेशातले कागद. भानगड नको," एवढंच ते म्हणाले. गंगाधरलाही ते पटलं. बेचाळीस साली याच कपाटात चोरटी पत्रकं सापडली होती आणि आधीचे ग्रंथपाल आठ महिने तुरुंगात राहून आले होते. सुटून आल्यावर त्यांच्या हातातला चहा बशीत सांडत राही. ती बशी गंगाधरच्या डोळ्यांपुढून अजून हलत नव्हती.

राहीबाईने पदराची गाठ सोडून कौलाची एक खापरी टेबलावर ठेवली. तिच्यावर कोळशाने इंग्रजी आकडा काढला होता: २१२८.

"सायबाच्या माणसांनी आमच्या उंबऱ्याच्या दगडावर तांबड्या रंगानं काडलाय. दोन वरसं मी त्येला हळदीकुकू वाहिलं. वाटलं, सरकारनं आकडा दिला म्हंजी घराचं कायतरी भलं हुणार. परवा आमच्या गावचा धुळा म्हणला, मावशे, पूजा कसली करतीस, ती पाण्याची मोजणी हाय. त्येनं सायबाची मोजणीची साखळी धरली हुती. साताऱ्याच्या लायबरीत बुक आलंय म्हणला, समद्या गावांचं त्यात लिवलंय."

"वेळ आली की सरकार कळवेलच."

"आवं मास्तर, त्ये कळवंपतूर पाणी चुलीत यील. माजा पोरगा नाथाजी पलटणीत हाय. सुटीवर येतोय तवर नवा सोपा उभा कर म्हणतोय. सागवान दारात पडलंय. सुतार रोज इचारतोय, बाई, पाया खणू का नगं?"

"मी साधा नोकर आहे, मावशी."

राहीबाईने त्याच्याकडे नीट पाहिलं. "बुडायची मी, आन् भ्या तुमाला?"

ती रागावून बोलली नव्हती. तसं असतं तर गंगाधरला नाही म्हणणं सोपं गेलं असतं.

तो उठला. कनवटीची किल्ली काढून त्याने कपाट उघडलं. अहवालाची पानं एकमेकांना चिकटलेली होती. पहिल्याच पानावर इंग्रजीत छापलं होतं की, हा अहवाल मागेल त्या वाचकाला पाहू द्यावा. गंगाधरने ते वाक्य दोनदा वाचलं. आता भीती जायला हवी होती. पण मानेवरचा घाम तसाच राहिला.

त्याने घडीचा नकाशा उलगडला, गाव शोधलं. पूर्ण भरलेल्या धरणाची पातळी, समुद्रसपाटीपासून दोन हजार एकशे पन्नास फूट. त्याने खापरीवरचा आकडा पुन्हा पाहिला; तीही फुटांतलीच उंची होती, उंबऱ्याची. वजाबाकी चुटकीसरशी झाली, तरी त्याने ती बोटांवर पुन्हा केली.

"सांगा की."

"मावशी, धरण व्हायचं अजून ठरलेलं नाही. हा नुसता अंदाज आहे."

"आन् झालं तर?"

"तर तुमच्या उंबऱ्यावर बावीस फूट पाणी."

"बावीस म्हंजी किती?"

गंगाधरने वर बघितलं. "हे आढं आहे ना, तिथवर. आणि त्याच्यावर हात उंच करून उभा राहिलेला आणखी एक माणूस."

राहीबाईने मान वर केली. पाण्याच्या तळाशी उभं राहून बघावं तशी ती बराच वेळ आढ्याकडे बघत राहिली.

"माजं घर दावा."

त्याने नकाशातल्या निळ्या रंगावर बोट ठेवलं. तिने आपलं बोट शेजारी टेकवलं, अगदी हलकेच. "लय बारकं काडलंय गाव," ती म्हणाली.

बाहेर टांग्याचे घुंगरू वाजले. घड्याळात पाचला दहा कमी होते.

"मावशी, निघा आता." गंगाधरने घाईने नकाशाची घडी घातली.

"माजं नाव लिवून घ्या. बुक बघितलं की नाव लिवत्यात, धुळा म्हणला."

त्या कपाटाची नोंदवही होती, पण कोरी. नोंद केली नसती, तर राहीबाई आली होती हे कुणालाच कळलं नसतं.

"कशाला हवंय तुम्हाला नाव?"

"नाथाजी इचारंल, काम का थांबवलं, तुला कुणी सांगितलं? कागूद बगून आले म्हणीन. नाव हाय म्हणीन तितं."

गंगाधरने वही उघडली. नाव, गाव, तारीख, वेळ. राहीबाईने शाईत अंगठा बुडवून पानावर दाबला, मग तो लुगड्याला न पुसता तसाच बाजूला धरून उभी राहिली.

"सागवानाचं काय करणार?"

"झाकून ठिवते. कुटं ना कुटं लागंलच की."

खापरी पदरात बांधून ती पायऱ्या उतरली. वर येणाऱ्या लालासाहेबांना वाट देत भिंतीला सरकली.

लालासाहेबांच्या काठीचा आवाज दारापर्यंत आला. गंगाधरने वही मिटायला हात घातला. अंगठ्याची शाई अजून ओली होती. मिटली असती तर ठसा फिसकटला असता.

त्याने हात मागे घेतला आणि वही उघडीच राहू दिली.