आरशामागचे स्क्रू

तिच्या गाडीत पेशंट निवांत झोपायचे. डायलिसिस केंद्राची व्हॅन ती चालवायची. सकाळी पेशंटना घरून घ्यायचं आणि मशीनवरून उतरले की परत सोडायचं. येताना माणसं गप्पा मारायची, जाताना मलूल होऊन माना टाकायची. मग ती खड्डे चुकवत, ब्रेक हलक्या पायाने दाबत एकेकाला दारापर्यंत पोचवायची. सगळे तिला ड्रायव्हरबाई म्हणायचे.

तिचा नवरा दातांच्या कवळ्या बनवायचा. घराच्या खालच्या खोलीत त्याचं काम चालायचं. टेबलावर प्लॅस्टरचे जबडे ओळीने मांडलेले असायचे, आणि पाहुण्यांची मुलं त्या खोलीत पाय ठेवायला घाबरायची. हात मात्र फार बारीक कामाचा. त्याच हाताने त्याने गच्चीवर आरशाची मोठी दुर्बीण बसवली होती. आकाश स्वच्छ असलं की संध्याकाळी दुर्बिणीला कॅमेरा लावायचा आणि चंद्राच्या विवरांचा, शनीच्या कड्यांचा, गुरूच्या पट्ट्यांचा व्हिडिओ घ्यायचा. मग लॅपटॉपवर त्या व्हिडिओतली बरी चित्रं निवडून, एकावर एक रचून, त्यांचा एक फोटो तयार करायचा. गावात हाच नाद असलेल्या लोकांचा एक ग्रुप होता. त्यातल्या निम्म्या लोकांना यानेच दुर्बीण धरायला शिकवलं होतं, म्हणून त्याला सगळे मास्तर म्हणत. घरातही तो थोडा मास्तरच होता.

एकदा त्याची कंबर धरली. वाकता येईना, तेव्हा तो गच्चीवर खुर्ची टाकून बसला आणि बायकोला म्हणाला, मी सांगतो तसं बटण फिरव. तिने फिरवलं. स्क्रीनवर गुरू नुसता थरथरत होता, पाण्याच्या तळाशी पडलेल्या नाण्यासारखा. हवा हलते म्हणून तो हलतो, त्याने समजावलं. मध्येच एखादा क्षण हवा थांबते, तेवढ्यात फोकस साधायचा. तिला हे पटकन जमलं. वाट बघायची तिला सवयच होती. कंबर बरी झाल्यावरही ती गच्चीवर येत राहिली. त्याने कुरकूर न करता वाटणी करून दिली, एक संध्याकाळ त्याची, एक तिची.

मग एका संध्याकाळी तिने गुरूचा असा फोटो काढला की बघत राहावं. पट्ट्यांच्या कडा सुटलेल्या धाग्यांसारख्या दिसत होत्या आणि गुरूच्या एका चंद्राची सावली त्यावर काळ्या तिळासारखी पडली होती. त्याने तो ग्रुपवर टाकला. लोकांनी लिहिलं, मास्तर, आजवरचं तुमचं सगळ्यात चांगलं काम. त्याने काही उत्तर दिलं नाही. जेवताना तिने फोन बघितला आणि हसत हसत खाली लिहून टाकलं, हा माझा आहे. मग काय विचारता, लोकांनी चेष्टा सुरू केली. मास्तर, आता शिकवणी लावा घरीच. मास्तरांची विकेट घरच्याच बोलरने काढली. तो त्या सगळ्यांबरोबर हसला आणि ताटात भात तसाच टाकून उठला.

दुर्बिणीच्या बुडाशी, आरशाच्या मागे, तीन स्क्रू असतात. आरसा नेमका सरळ बसवण्यासाठी असतात ते. त्यातला एक जरासा फिरवला तरी बाहेरून काही कळत नाही, पण चित्र कितीही फोकस केलं तरी फिस्कटलेलंच येतं. स्क्रू कशासाठी असतात हे त्याने तिला कधी सांगितलं नव्हतं. पुढच्या तिच्या संध्याकाळी, ती यायच्या आधी, त्याने त्यातला एक फिरवला. दुसऱ्या दिवशी, स्वतःची पाळी आली तेव्हा, परत जागेवर आणला.

तिचा फोटो धुरकट आला, त्याचा लख्ख आला. असं एकदा झालं, मग पुन्हा झालं, मग होतच राहिलं. दुर्बीण तीच, कॅमेरा तोच, हवाही बहुतेकदा तीच. फरक म्हणाल तर माणसाचा. तिने फोकस करताना श्वास धरून बघितला, चष्मा काढून बघितला, दुसरा घालून बघितला. तो शेजारी उभा राहून सगळं बघायचा. एकदा खांद्यावर हात ठेवून अगदी मायेने म्हणाला, "अगं, वय झालं की होतं असं. डोळ्यांना कडा कळेनाशा होतात. मनाला लावून घेऊ नकोस."

ती डोळ्यांच्या डॉक्टरकडे गेली. मोतीबिंदूची जरा कुठे सुरुवात आहे, चिंतेचं काही नाही, गाडी खुशाल चालवा, असं डॉक्टर म्हणाले. घरी आल्यावर ती नवऱ्याला म्हणाली की भिंतीवरची एवढाली अक्षरं काय कोणीही वाचेल. डॉक्टर काही गुरू दाखवत नाहीत. तो म्हणाला, तेही खरंच.

सुरुवातीला त्याला वाटलं होतं, चार-दोन वेळा गंमत करू, हिचा उत्साह उतरला की सोडून देऊ. पण ती हिरमुसून त्याच्याजवळ येऊन बसायची, विचारायची, माझं काय चुकतंय हो? इतक्या वर्षांत तिने त्याला असं काही विचारलं नव्हतं. ते त्याला गोड लागलं. त्याने स्क्रू फिरवणं चालू ठेवलं.

गच्चीवरची भीती मग तिच्यामागून व्हॅनमध्ये येऊन बसली. वळणावर ती नको तेवढी थांबू लागली. दूरच्या पाट्या वाचता आल्या तरी तिला वाटायचं, आपण अंदाजाने वाचतोय. एकदा समोरून सायकलवाला आला आणि तिने इतका करकचून ब्रेक दाबला की मागच्या सीटवर झोपलेल्या म्हाताऱ्या शिंप्याचं कपाळ दांड्यावर आपटलं. रक्त आलं नाही. म्हातारा उलट तिलाच धीर देत राहिला. त्याच दुपारी तिने केंद्राच्या मॅनेजरला सांगितलं की मला नीट दिसत नाही, माझ्या हातून कोणाचा तरी जीव जाईल, किल्ल्या घ्या.

घरी आली तेव्हा नवरा कवळीला पॉलिश करत होता. तिने सांगितलं. मशीन बंद करून तो बराच वेळ हातातल्या दातांकडे बघत राहिला. तेव्हा तो बोलू शकला असता. एका वाक्याचं काम होतं.

"बरं केलंस," तो म्हणाला आणि मशीन पुन्हा चालू केलं.

त्यानंतर तिने गच्चीवर जाणं सोडलं. घरातही ती भिंतीच्या कडेने चालायला लागली. पायऱ्या उतरताना कठडा धरायला लागली. भाजी निवडताना पालेभाजी खिडकीत नेऊन बघायची. नवरा तिचा चष्मा पुसून द्यायचा. शेजारपाजारचे म्हणायचे, नवरा असावा तर असा.

एकदा त्याला कामासाठी दोन दिवस बाहेरगावी जावं लागलं. नेमकी तेव्हाच मुलगी माहेरी आली आणि शनी बघायचा म्हणून हटून बसली. आई नाही नाही म्हणत वर गेली. आदल्या संध्याकाळी तो स्वतः दुर्बिणीवर बसला होता, त्यामुळे आरसा जागेवर होता. तिने बटण फिरवलं. हवा क्षणभर थांबली आणि स्क्रीनवर शनी आला, कड्यांमधल्या काळ्या फटीसकट, सुरीने कापल्यासारखा. मुलगी म्हणाली, वा, मस्त. आईने चष्मा काढून पुसला आणि ती फट पुन्हा बघितली.

नवरा परतला. दुसऱ्या दिवशी दुपारी ती म्हणाली की आज मी एकदा प्रयत्न करून बघते. तो बरं म्हणाला. ऊन उतरताना तो गच्चीवर गेला, तेव्हा ती पाण्याच्या टाकीमागे उभी होती. त्याने दुर्बिणीवरचं कापड काढलं, खिशातून स्क्रू फिरवायची छोटी चावी काढली, बुडाशी वाकला आणि काहीतरी फिरवलं. बाटलीचं झाकण लावावं इतक्या सहज. फिरवताना तो गुणगुणत होता.

तो गेल्यावर तिने बुडाशी वाकून ते स्क्रू बघितले, पण तिथे काही केलं नाही. खाली येऊन मुलीला फोन केला आणि सगळं सांगितलं. मग मुलगी म्हणाली, "आई, एका स्क्रूवरून तू आता बाबांशी भांडणार आहेस?"

सकाळी ती केंद्रात गेली. मॅनेजर सज्जन माणूस. त्याने चहा मागवला, ऐकून घेतलं आणि म्हणाला, ड्रायव्हरबाई, तुम्ही स्वतःच्या तोंडाने सांगितलंत की दिसत नाही. आता मी परत गाडी दिली आणि काही झालं, तर लोक मला विचारतील. डॉक्टरांचा कागद आणते म्हणाली, तर तो म्हणाला, नवीन ड्रायव्हर घेतलाय. बाहेर तिची व्हॅन उभी होती. नव्या ड्रायव्हरने सीट मागे सरकवली होती.

त्या आठवड्यात चंद्र गुरूला झाकणार होता. गुरू चंद्राच्या काळोख्या कडेआड जायला मिनिटभर लागतं. परत बाहेर येईपर्यंत चंद्रच समोरच्या इमारतीआड गेलेला असणार. म्हणजे जे काही मिळायचं ते त्या मिनिटात. मास्तर कित्येक महिने याच्यासाठी थांबला होता. सगळा ग्रुप संध्याकाळी त्यांच्या गच्चीवर जमला. तिने सगळ्यांना पाणी दिलं.

गुरू चंद्राच्या अगदी जवळ आला तेव्हा ती दुर्बिणीच्या बुडाशी जाऊन उभी राहिली.

"अहो, हे स्क्रू कशाचे असतात?" तिने विचारलं.

त्याने स्क्रीनवरची नजर काढून तिच्याकडे बघितलं. तिला सगळं कळलंय हे त्याला त्याच क्षणी समजलं. चेहरा पडला, पण निमिषभरच.

"हे होय?" तो म्हणाला. "हे बायकोला लांब ठेवायचे."

लोक खळखळून हसले. हसण्यासारखंच बोलला होता तो. तिने पदराखालून ती छोटी चावी काढली, त्याच्याच ड्रॉवरमधून घेतलेली. खाली वाकली आणि तिन्ही स्क्रू फिरवले, एकामागून एक, पुढे फिरेनात तोपर्यंत. स्क्रीनवरचा चंद्र सांडलेल्या दुधासारखा पसरला. कोणीतरी अरेरे म्हणालं. दोघं-तिघं पुढे झाले, पण आरसा पुन्हा बसवायला वेळ लागतो हे त्या सगळ्यांना मास्तरनेच शिकवलं होतं. ते वर बघत राहिले आणि नुसत्या डोळ्यांनी त्यांना दिसलं ते एवढंच, की एक ठिपका होता आणि गेला.

"यांनी माझ्या वेळेला रोज हेच केलं," ती म्हणाली. "माझे डोळे चांगले आहेत."

मास्तर खुर्चीतून उठला, तिच्याजवळ आला आणि तिच्या हातातली चावी हळूच काढून घेतली. मग लोकांकडे वळून, आवाज अगदी खाली आणून म्हणाला, "माफ करा. नोकरी गेल्यापासून तिचं हे असं झालंय. तिला काही बोलू नका."

लोकांनी मान डोलावली. कोणी त्याच्या पाठीवर हात ठेवला. आपली दुर्बीण असती तर आपण इतके शांत राहिलो असतो का, असं एक जण दुसऱ्याला म्हणाला, आणि ते तिला ऐकू आलं.

ग्रुपमध्ये एक निवृत्त नर्स होती, मऊ स्वभावाची. तिने पुढे होऊन ड्रायव्हरबाईंचा दंड धरला आणि म्हणाली, चला, खाली जाऊन जरा पडा. जिन्याच्या तोंडाशी दिवा होता. त्या उजेडात ड्रायव्हरबाईंना शेवटच्या पायरीपर्यंत सगळं दिसत होतं, भिंतीवरची मुंगीसुद्धा.

"सांभाळून हं," नर्स म्हणाली. "इथे पायरी आहे."

तिने दंड सोडवून घ्यायचा प्रयत्न केला. नर्सने तो आणखी घट्ट धरला.