परातीतलं लाल पाणी

लकडगंजातल्या बंद आरागिरणीच्या शेडमध्ये पाय ठेवायला जागा नव्हती, पण आवाज मात्र कुणाचाच नव्हता. सगळ्यांचे डोळे एका परातीवर. महाराजांनी आमच्या पुढे नंबर असलेल्या वच्छलाबाईंचा हळद फासलेला पाय परातीत ठेवला, गडव्यातलं नितळ पाणी वरून सोडलं आणि ते बघता बघता लाल झालं.

"पाहा! करणी करून गाडलेला काटा रगत होऊन निघून राहिला!" महाराज संथपणे म्हणाले. "डाक्टर नख कापते. कापलं का काटा आत पळते. मंग बोट मागते, मंग पाय मागते, मंग घरातलं लेकरू मागते."

शेवटच्या शब्दाला त्यांनी माझ्या मांडीवरच्या ऋषीकडे पाहिलं. माझा असल्या गोष्टींवर विश्वास नाही. तरी मी त्याला पदराखाली घेतलं.

पुढचा नंबर माझ्या सासूबाईंचा, देवकीबाईंचा. सीताबर्डीहून घेतलेली निमुळती सँडल, त्यात नखाचे कोपरे ब्लेडनं खोल कोरायची सवय. अंगठ्याचं नख बाजूच्या मांसात रुतलं होतं. तेव्हाच सैल चप्पल घालून, कोमट पाण्यात पाय शेकून कोरडा ठेवला असता, तर एखाद्याचं घरीच निभावतं. पण सासूबाईंना शुगर. आता अंगठा जांभळा पडला होता, पू धरला होता, घरभर वास येत होता. आणि मागच्या खेपेला महाराजांनी पाय धुतल्यापासून डॉक्टरचं नाव काढायची सोय नव्हती.

"आई, अजूनही दवाखान्यात जाऊ न," मी कुजबुजले.

"चूप राह्य वं. माह्या बोटापायी लेकराचा जीव टांगू काय मी?"

त्यांना स्वतःची भीती नव्हतीच. ऋषीची होती. महाराजांनी गाठ नेमकी तिथं मारली होती.

तेवढ्यात ऋषीनं मांडी ओली केली. मी लंगोट सोडला. उटण्याच्या हळदीनं तो पिवळाधम्मक झाला होता. तो हातात धरला आणि मी तशीच थबकले. रोज सकाळी हा झोपलेला असताना मी हेच तर धुते! पिवळ्या डागाला साबण लागला की तो कुंकवासारखा लाल होतो. चांगला खळबळला की पुन्हा पिवळा.

ऋषीला कडेवर घेऊन मी उठले. सासूबाईंसाठी रिकामी केलेल्या परातीत लंगोट टाकला आणि कुणी हात धरायच्या आत पुन्हा भरून ठेवलेला गडवा त्यावर उपडा केला.

लंगोट लाल झाला.

"महाराज, दुधाच्या लेकराच्या लंगोटात कोणाचा काटा गाडला?"

महाराज चिडले नाहीत. हळूच म्हणाले, "बाई, तुह्या घरात बहुत खोल केलेलं हाये. लेकरू इथंच ठेवून जाय."

त्यांची दोन माणसं दार अडवून उभी राहिली. मी ऋषीला घट्ट धरलं. शेडमधलं एकही माणूस हललं नाही.

मग पाय पुसत बसलेल्या वच्छलाबाई पुटपुटल्या, "अवं माय... माह्या लुगड्याचं असंच होते न. साबण लागला का हळद लाल."

त्यांच्या शेजारी बसलेल्या सिंधूताईंनी गडव्याच्या तळाशी बोट फिरवून जिभेला लावलं आणि थुंकल्या. "चुन्याची निवळी हाये! पानाचा चुना!"

कुणीतरी हसलं. मग आणखी कुणी.

"अन् आग होते ते?" सासूबाईंनी मला विचारलं. "ते म्हणत होते, काटा निघून राहिला म्हणून आग होते."

"उघड्या जखमेवर चुन्याचं पाणी पडलं तर आग होणारच, आई."

त्या ऋषीकडे बघत राहिल्या. मग परातीपासून पाय मागे घेत म्हणाल्या, "ऑटो बोलाव."

दारातली माणसं बाजूला झाली. ऑटोत बसताना मी मागे पाहिलं. बाहेरच्या रांगेला आतलं काहीच दिसलं नव्हतं. रांग एक पाऊल पुढे सरकली.

डॉक्टरांनी नखाची रुतलेली कड काढली, पू धुतला, औषधं दिली. "आणखी थांबला असतात तर बोट गेलं असतं," म्हणाले. बोट राहिलं. सासूबाई आता ऋषीची नखंसुद्धा माझ्याकडून सरळच कापून घेतात. कोपरे कोरू देत नाहीत.

पण ती रांग माझ्या डोळ्यांपुढून जात नाही, म्हणून लिहिते. नखं सरळ कापा, बोटांना जागा देणारी चप्पल घाला. पू झाला, सूज चढली, किंवा शुगर असेल, तर घरी कोरत बसू नका, डॉक्टर गाठा. आणि कुठं पाणी लाल झालं, तर हात जोडायच्या आधी एवढंच आठवा, हा रंग आपण आपल्याच धुण्याच्या बादलीत पाहिला आहे का?