थंड स्फटिक आणि थांबाकाका

एकोणीसशे बाहत्तर साल. मी चोवीस वर्षांची होते आणि नखाएवढ्या एका पांढऱ्या स्फटिकावर माझं सगळं अडलं होतं.

स्फटिकातल्या नायट्रोजनच्या अणुकेंद्रकांना रेडिओलहरींचा ठोका द्यायचा. ती कलंडतात, मग भोवतालच्या जाळीला ऊब देऊन हळूहळू सावरतात. सावरायला किती वेळ लागतो, तेवढंच मला मोजायचं होतं. चुंबक लागत नसे. स्फटिकाचं आपलंच विद्युतक्षेत्र त्यांना धरून ठेवी.

एरवी दर अर्ध्या सेकंदाला ठोका दिला की प्रयोगशाळेतल्या यंत्राच्या हिरव्या पडद्यावर त्यांच्या प्रतिसादाची छोटी टेकडी उमटायची. स्फटिक अतिथंड द्रव नायट्रोजनमध्ये बुडवला की मात्र पडदा सपाट.

"तडकलाय तो," आमच्या बाई म्हणाल्या. त्या माझ्या मार्गदर्शक. चालायच्या तेही धावल्यासारख्या. "शनिवारपर्यंत काही दिसलं नाही तर विषय बदल. दोन वर्षं गेली तुझी."

यंत्र सांभाळायचे थांबाकाका. काहीही मागा, पहिलं उत्तर "थांबा जरा".

शनिवारी दुपारी "नायट्रोजनला नायट्रोजनचीच आंघोळ" म्हणत त्यांनी द्रव ओतला. पांढरं धुकं टेबलावरून ओघळून माझ्या पायांशी आलं. मी ठोक्याच्या बटणाकडे हात नेला.

"थांबा जरा, ताई. स्फटिकाभोवतीच्या कॉइलची वरची तार सुटतेय."

ते डाग देत बसले. यंत्राची गुणगुण, उबदार खोली. माझा डोळा लागला. स्वप्नात ओळीनं भोवरे निजलेले. एकेक करून ते उभे राहत होते, आणि मी मध्येच हात लावला की पुन्हा आडवे होत होते.

"झालं, ताई. उठताय, का पांघरूण आणू?"

झोपेतच बटण दाबलं. पडद्याच्या कडेला टेकेल एवढी टेकडी उभी राहिली. पुढच्या ठोक्याला बुटकी. तिसऱ्याला काहीच नाही.

मी यंत्र थांबवलं. थंडीत अणुकेंद्रकांना सावरायला कितीतरी जास्त वेळ लागत होता, आणि आम्ही दर अर्ध्या सेकंदाला हलवत होतो.

बाई आल्या. "दाखव."

"थांबावं लागेल, बाई. पाच मिनिटं."

"काका, हिलाही तुमचं लागलं वाटतं."

"माझं नाही हो, स्फटिकाचं."

बाई स्टुलावर बसल्या. त्यांना बसलेलं मी तेव्हा पहिल्यांदा पाहिलं. पाच मिनिटांनी टेकडी उगवली. त्या पडद्याजवळ वाकल्या, मग हळूच म्हणाल्या, "पुन्हा थांबू या."

विषय राहिला, प्रबंध झाला. पुढे तीस वर्षं मी तेच शिकवलं. काका निवृत्त होऊन लेकीकडे गेले. त्यांची पत्रं महिनोन्‌महिने उशिरा येत आणि त्यात उशिराचं नावही नसे. ती कॉइल माझ्या शिवणाच्या डब्यात आहे.

बाईंना शेवटी शेवटी काही आठवेना. मी जाऊन शेजारी बसायची. विचारलेल्याचं उत्तर यायला फार वेळ लागे, म्हणून ते येईपर्यंत मी दुसरं काही विचारत नसे. एकदा अशाच खूप वेळानं माझा हात धरून म्हणाल्या,

"तडकला नव्हता ना गं तो?"