दोन बोटं माया

"पोर सुट्टीत ताडमाड वाढलीय. माया सोडा बघू," म्हणत शेजारच्या वहिनींनी लेकीचा निळा गणवेश टेलरकाकांच्या मशीनवर ठेवला. काका प्रत्येक शिवणीत दोन बोटं जादा कापड दुमडून ठेवत, तीच माया. ती सोडली की गणवेश आणखी एक वर्ष निघायचा.

काकांनी चष्मा कपाळावर चढवला. "वहिनी, सरकार बदललं. निळा झेंडा आधीच्यांचा, म्हणून शाळेचा निळा गणवेशही गेला. आता यांच्या झेंड्याचा पोपटी."

"अहो, पण कापडाला साधी चीरही नाही!"

"माझ्याकडे कपाटभर निळे गणवेश बेतून पडलेत. त्यांचं काय लोणचं घालू?" काका कडाडले आणि लगेच वरमले. रंग ठरवणाऱ्यांवरचा राग ते भलत्याच माणसावर काढत होते.

वहिनींनी निळा गणवेश घडी करून पिशवीत टाकला. नवा गणवेश म्हणजे त्यांच्या चपलांना यंदाही टाकेच पडणार होते.

काकांनी टेप उचलली. "पोपटीची शिलाई घेत नाही मी तुमच्याकडून. बोला, माया किती ठेवू?"

"पुढची निवडणूक कधी आहे, काका?"