एक्केचाळिसावे गाणे

मी एक जुनी शिळा आहे. छापखान्याची शिळा, बरं का मित्रांनो! पाटा नाही, पायरी नाही आणि देवही नाही. मला देव समजूनच एकदा घात झाला. तीच गोष्ट सांगते.

माझा जन्म जर्मनीतल्या एका खाणीत झाला. आगबोटीने मुंबईला, तिथून आगगाडीने ग्वाल्हेरला अशी मी आले आणि दौलतगंजातल्या महिपतरावांच्या छापखान्यात राहू लागले. माझ्यावर छापायची रीत सोपी आहे. लिहिणारा पिवळ्या कागदावर तेलकट शाईने लिहितो. तो कागद माझ्यावर दाबला की अक्षरे उलटी होऊन माझ्या अंगावर उतरतात आणि कागद वाया जातो. मग डिंकाचे पाणी फिरवून रूळ लावायचा. जिथे तेल, तिथे शाई बसते. बाकी जागा डिंकामुळे कोरी राहते. छापणे झाले की वाळूने मला घासायचे, म्हणजे मी पुढच्या पानाला मोकळी. दर घासणीला मी थोडी झिजते. ते असो.

आम्ही दोघी होतो. दुसरी शिळा उतरवताना पडली आणि तिचे दोन तुकडे झाले. नवी मागवावी तर युरोपात लढाई पेटलेली. जर्मनीची शिळा येणार कुठून? सगळ्या छापखान्याचा भार माझ्या एकटीवर आला.

आमच्याकडे लिहिण्याचे काम मुकुंदराव करीत. मोत्यासारखे अक्षर आणि मुंगीसारखा स्वभाव! त्यांची बायको शामला. तिला लिहिता येत नव्हते, पण गाणी किती येत! तिच्या पणजीच्या पणजीबरोबर फौजेच्या मागून दख्खनेतून आलेली गाणी. ती सारी एका पुस्तकात छापायची, असे मुकुंदरावांनी मनात घेतले. महिपतरावांनी इतर कामांतून उरलेला वेळ दिला. कागद मिळेना, म्हणून प्रती शंभरच काढायच्या ठरल्या. पिवळा कागद तर इतका तुटपुंजा की कच्चे लिहून पाहण्याची सोय नव्हती. शामला दुपारी छापखान्यात येऊन गाई आणि मुकुंदराव थेट पिवळ्यावर उतरवीत.

मी लहान. एका वेळी एकच पान मावे आणि मुकुंदरावांचा हट्ट, की एक गाणे एका पानात बसलेच पाहिजे.

"अहो, याची तर बारा कडवी आहेत!" शामला म्हणे.

"शिळा काही वाढत नाही. गाणंच आटव."

"दूध आहे का आटवायला?"

"मग काय? खवा चांगला होतो."

शामला रुसे, हसे आणि कडवी गाळायला बसे. नणंदेची उखाळीपाखाळी जाई, दागिन्यांची यादी जाई आणि गाण्यातली बाई एकदम समोर उभी राही. "बघा, उगीच गर्दी होती," असे तीच म्हणे. माझ्या लहानपणाने त्या गाण्यांचे भलेच केले. तेव्हा मला फार अभिमान वाटला होता. आज त्या अभिमानाची लाज वाटते.

तीन वर्षांत चाळीस गाणी छापून झाली. उरले एक. ते शामलाने मुद्दाम शेवटाला ठेवले होते. ते तिच्या आईकडचे. तिच्याशिवाय कुणाला पुरते येत नव्हते. त्यातले काही गाळावे लागले नाही. मुकुंदरावांनी ते एकदाच ऐकून लिहिले आणि माझ्यावर उतरवले. पहिली ओळ होती, "चंबळ उतरली बाई, मागे राहिलं माहेर."

"हत्ती गेला, शेपूट राहिलं," महिपतराव म्हणाले. "दसऱ्यानंतर छापू."

पण त्याच सुमारास लष्करात, म्हणजे ग्वाल्हेरच्या आमच्या भागात, तापाची साथ आली. लढाईने आधीच जीव मेटाकुटीला आलेला, त्यात हा दुष्काळातला तेरावा महिना! मुकुंदराव आडवे पडले आणि छापखान्याचे काम थांबले. खंडेनवमीला हत्यारांची पूजा करायची, आणि छापखान्याचे हत्यार मी. दरवर्षी मुकुंदराव लाकडी चौकटीला कोरडे कुंकू लावीत आणि मला फक्त फूल दाखवीत. यंदा त्यांनी शामलाला पाठवले. "पूजा चुकवू नकोस," एवढे सांगितले. तेलाचे सांगायचे राहून गेले.

शामला एकटीच आली. तिने मला पाण्याने आंघोळ घातली, तेव्हाच डिंक धुऊन गेला. पदराने टिपले. मग, बाळाच्या टाळूवर घालतात तसे, तिने माझ्या मधोमध तेल घातले आणि तळव्याने हळूहळू जिरवले. "माझी गाणी तू सांभाळलीस गं बाई," म्हणाली. तिचा हात कढत होता. मला ओरडता आले असते तर! पण दगड तो दगडच.

पाचव्या दिवशी ती गेली. मुकुंदराव वाचले.

तिचे दिवसकार्य झाल्यावर ते छापखान्यात आले आणि थेट माझ्यावर रूळ फिरवू लागले. वरची ओळ उमटली. तिच्या खाली सगळे काळेकुट्ट. कडेला तेवढी पाच बोटे वेगळी दिसत होती. मुकुंदरावांनी बोटे ओळखली. त्यांनी रूळ खाली ठेवला.

"मी सांगितलं नाही तिला," ते म्हणाले. "मीच सांगितलं नाही."

त्याच दिवशी दरबाराकडून तापाचे जाहीरपत्रक छापायला आले. महिपतराव ते घेऊन त्यांच्यापाशी आले. "मुकुंदराव, माणसं मरताहेत हो. शिळा एकच आहे, मी तरी काय करू? वाटलं तर आधी एक कागद काढून घ्या. हात तर राहील."

"हात काय करू? या हाताखाली तिचं गाणं मेलंय."

त्यांनी दुसऱ्या कुणाला वाळू घेऊ दिली नाही. स्वतःच घासले. आधी काळोख गेला, मग ती ओळ, सगळ्यात शेवटी बोटे. दुपारी माझ्यावर जाहीरपत्रक चढले.

चाळीस पाने बांधलीच नाहीत. मुकुंदराव पुढची ओळ शोधत दख्खनी घराघरांतून फिरले. पाटणकर बाजारामागे म्हाताऱ्या मंदाताई राहत. त्यांनी पहिली ओळ ऐकली, दोनदा गुणगुणून पाहिली आणि नाही म्हणून मान हलवली.

"आम्हाला कुठलं येतंय, भाऊ? आम्ही तर अडलं की शामलालाच विचारत होतो."

त्यानंतर मुकुंदरावांनी कुणाला विचारले नाही.

मित्रांनो, ते गाणे माझ्या अंगावर तेवीस दिवस होते आणि मला त्यातले काही सांगता येत नाही. वाळूने माझ्यातले सारे जाते. म्हणून मला जपा असे मी म्हणणार नाही. तुमच्या घरात जिला गाणे येते तिच्यापाशी आजच जाऊन बसा, आणि शेवटचे कडवे तोंडपाठ झाल्याशिवाय उठू नका.