बोटीला दहा माणसं

ओनोदेरा-साननी, म्हणजे ओनोदेराबाईंनी, पुढे केलेलं पत्रक सदानंदने दोन्ही हातांनी घेतलं, कमरेत वाकून आभार मानले आणि चार घड्या करून खिशात कोंबलं. दोन दिवसांतलं हे तिसरं. कुमुदिनीबाई शेजारी उभ्या राहून बघत होत्या आणि त्यांचं डोकं तापायला लागलं होतं. बत्तीस वर्षं शाळेत भूगोल शिकवलेल्या बाईला न वाचता घडी केलेला कागद लांबूनसुद्धा ओळखू येतो.

पण मुलाला चारचौघांत बोलायचं कसं? तो या सगळ्यांचा म्होरक्या. मार्चमधल्या भूकंपानंतर समुद्र जपानच्या किनाऱ्यावरच्या या शहरात शिरला, त्याला आता सात महिने होत आले होते. ऑक्टोबरात सलग तीन दिवस सुट्टी आली तशी सदानंदने मदतीसाठी टोकियोजवळच्या ग्योतोकुची सात माणसं जमवली. तो स्वतः, बायको पूर्वी, तोयोसुच्या ऑफिसातले तिघे, टोकियोत पोस्टडॉक करणारा निहार, आणि सातव्या कुमुदिनीबाई. त्या पुण्याहून लेकाकडे आल्या होत्या आणि घरी एकट्या बसायला साफ नाही म्हणाल्या होत्या.

सदानंद म्हणजे शिस्तीचा पुतळा. त्याने यादीच केली होती. जेवण आपलं, पाणी आपलं, आणि कचरासुद्धा वेगळा करून आपल्याबरोबर परत ग्योतोकुला. त्यामुळे दशम्या, शेंगदाण्याची चटणी, गूळपोळ्या आणि चिवड्याचे एवढे डबे बरोबर होते की बसवाल्याला वाटलं ही मंडळी कायमची राहायला निघाली. दोन दिवसांत या शहरातल्या एकाही दुकानातून कुणी साधं बिस्कीट घेतलं नव्हतं. कुणी चहा विचारला की सातही माना एकदम नकारार्थी हलायच्या. फोटो नाही, हसणं बेताचं, आवाज हळू. सदानंदला याचा केवढा अभिमान!

बाकीचे गाळ उपसत होते. कुमुदिनीबाईंना बसून करायचं काम मिळालं होतं, गाळात सापडलेले फोटो धुवायचं. कोमट पाण्यात फोटो ठेवायचा, मऊ ब्रशने चिखल सोडवायचा आणि दोरीला चिमट्याने लावायचा. शेजारच्या खुर्चीवर ओनोदेरा-सान. दोघींचं वय साठीच्या पुढचं, दोघींना एकमेकींची भाषा शून्य, आणि तरी दोघींची तोंडं दिवसभर चालू. एक मराठीत बोले, दुसरी जपानीत, आणि दोघी मान डोलावत.

रविवारी दुपारी कुमुदिनीबाईंच्या एक गोष्ट लक्षात आली. धुतलेल्या फोटोंत एकच जागा पुन्हा पुन्हा येत होती. पांढरेशुभ्र खडक, त्यांच्या टोकांवर पाईनची झाडं, खाली हिरवंनिळं पाणी, आणि एका बोटीच्या कठड्याला रेलून हसणारी माणसं. नवी जोडपी, शाळेच्या सहली, काठी टेकणारे आजोबा. एका फोटोवर ओनोदेरा-साननी बोट ठेवलं. निळ्या गणवेशात, हातात माइक घेतलेली एक तरतरीत मुलगी. मग तेच बोट त्यांनी स्वतःच्या नाकावर टेकवलं.

"अगं बाई, ही तुम्ही?" कुमुदिनीबाई ओरडल्याच. "निहार, इकडे ये बघू!"

निहारने डबा बाजूला ठेवला आणि अर्धा तास दुभाष्याचं काम केलं. ओनोदेरा-सान एकतीस वर्षं त्या बोटीवर माहिती सांगत होत्या. बोट लाटेतून वाचली होती. याच शनिवारपासून पुन्हा सुरू झाली, म्हणजे व्हायला हवी होती. सकाळी अकराची एकच फेरी, आणि दहा माणसं असल्याशिवाय सुटायची नाही. शनिवारी चार आली, रविवारी सहा. सोमवारीही दहा जमली नाहीत, तर मालक बोट वसंतापर्यंत बांधून ठेवणार होता आणि वसंतात ओनोदेरा-सानच्या जागी टेप वाजणार होती.

"मग एवढे स्वयंसेवक आहेत की इथे! शंभर तरी असतील," कुमुदिनीबाई म्हणाल्या.

निहारने विचारलं. ओनोदेरा-सान ब्रश धुता धुता थोडंसंच बोलल्या.

"काकू, त्या म्हणतात, सगळे फार चांगले आहेत. बोटीचं पत्रक घेतात आणि वाकून थँक यू म्हणतात."

चारच्या चहाला, म्हणजे आपापल्या थर्मासमधल्या, कुमुदिनीबाईंनी विषय काढला. उद्या बस तीनची. सकाळी दोन तास बोटीतून फिरून येऊ.

सदानंदच्या कपाळावर आठी पडली. "आई, आपण स्वयंसेवक आहोत, टुरिस्ट नाही. लोकांची घरं वाहून गेलीत इथे. आणि आपण बोटीतून गंमत बघत फिरायचं? ऑफिसात तानाका-साननी विचारलं, वीकेंडला काय केलं, तर काय सांगू? नौकाविहार?"

"हो, तसंच सांग."

"तुला कळत नाहीये."

झालं! एवढं ऐकल्यावर कुमुदिनीबाई कसल्या गप्प बसतात.

"मला कळत नाही? सदा, तू या गावात सुतक पाळतोयस. घरात माणूस गेलं की आपले लोक भेटायला जातात, पण पाण्याचा थेंब घेत नाहीत, हसत नाहीत, निघताना 'येतो' म्हणत नाहीत. अगदी तसंच चाललंय तुझं. पण अरे, त्याला दिवस ठरलेले असतात! तेरा दिवस. तेराव्याला गोड करतात. आणि ते घरच्यांना आपल्याआपण घशाखाली उतरत नाही, बाहेरच्या माणसाला शेजारी बसून खावं लागतं. इथे सात महिने झाले. ती बाई तीनदा ताट वाढून बोलवायला आली आणि तू तीनदा पाटावरून उठलास."

पूर्वी हळूच म्हणाली, "आई, मी येते." तोयोसुच्या तिघांनी एकेक करून होकारार्थी मान हलवली. निहारचं तर आधीच ठरलं होतं. सदानंदने थर्मासचं झाकण नको इतकं घट्ट लावलं आणि म्हणाला, "तुम्ही जा सगळे. मी सामान सांभाळतो."

सोमवारी ऊन छान पडलं होतं. धक्क्यावर ही मंडळी अर्धा तास आधी हजर. धक्क्यावरची एक बाई सीगलना घालायचे छोटे पाव विकत होती. कुमुदिनीबाईंनी तिच्याकडून सहा पिशव्या घेतल्या. या शहरातली त्यांची ही पहिली खरेदी, आणि ती पक्ष्यांसाठी! ओनोदेरा-सान निळ्या गणवेशात होत्या. तो कमरेला जरा घट्ट झाला होता, पण इस्त्री कडक होती.

ओसाकाचं एक म्हातारं जोडपं आलं, आठ झाले. स्वयंसेवक केंद्रातली एक कॉलेजची मुलगी घाबरत घाबरत आली, नऊ. घड्याळात अकराला चार मिनिटं कमी. कप्तानाने एकदा माणसं मोजली, पुन्हा मोजली आणि टोपी काढून डोकं खाजवलं. ओनोदेरा-सान रस्त्याकडे बघत होत्या. रस्त्यावर कुणी नव्हतं.

धक्क्यावर डब्यांच्या ढिगाऱ्यापाशी सदानंद उभा होता. सगळ्यांना तो दिसत होता आणि कुणी त्याच्याकडे बघत नव्हतं. कुमुदिनीबाईंना वाईट वाटत होतं, त्या बाईसाठीही आणि या हट्टी पोरासाठीही. त्यांनी हाक मारली नाही. बोटीतून उतरून त्याच्याशेजारी जाऊन उभ्या राहिल्या.

सदानंदच बोलला. "बाबा गेले तेव्हा मी तेराव्याला पोहोचलो."

"हो रे."

"त्याच दिवशी मामाने मला जबरदस्तीने श्रीखंड वाढलं. एवढा राग आला होता मला त्याचा. वाटलं, याला काही आहे की नाही."

"मग?"

"मग दुसऱ्यांदा मागून घेतलं." त्याने नाक पुसलं. "सामानाचं काय?"

"दशम्या चोरायला कोण येतंय इथे! चल."

तो बोटीत चढला तेव्हा कप्तानाने दहावं बोट मिटलं आणि एवढ्या जोरात भोंगा वाजवला की ओसाकाच्या आजी दचकून आजोबांना बिलगल्या. ओनोदेरा-सान कमरेत वाकल्या त्या बराच वेळ वर आल्याच नाहीत.

आणि मग काय तो समुद्र! पांढरे खडक अगदी जवळून सरकायला लागले. डोंगर थेट पाण्यात उतरलेले, मध्ये अरुंद खाड्या आत घुसलेल्या. फळ्यावर खडूने कितीदा काढलेला हा किनारा कुमुदिनीबाई आज डोळ्यांनी बघत होत्या आणि तोयोसुच्या तिघांना तिथल्या तिथे धडा देत होत्या. सीगल हातातून पाव पळवत होते. एकाने पूर्वीची अख्खी पिशवीच नेली, तेव्हा सदानंद खो खो हसला. तीन दिवसांत पहिल्यांदा. ओनोदेरा-सानचा आवाज भोंग्यांमधून खणखणीत येत होता. हा खडक कासव, तो मेणबत्ती, या गुहेत एकदा एक नवरदेव छत्री विसरला. निहारला भाषांतर करायला श्वास पुरत नव्हता.

बोट एका वळणाला डावीकडे फिरली आणि आवाज थांबला.

समोर एक छोटी खाडी होती. घरांच्या नुसत्या जोत्यांच्या रेषा, एक पिवळं पोकलेन आणि हेल्मेट घातलेली पाच-सहा माणसं. ओनोदेरा-साननी माइक दोन्ही हातांत धरला होता. त्या बोलल्या तेव्हा निहारने अगदी हळू सांगितलं.

"हे माझं गाव. इथे आलो की मी प्रवाशांना सांगायचे, हात हलवा. मग किनाऱ्यावरून कपडे वाळत घालणाऱ्या बायका, शाळेतली मुलं, जाळी विणणारे, सगळे हात हलवायचे. एकतीस वर्षांत कधी चुकलं नाही. आज हा भाग मी सोडून देते. माफ करा."

इंजिन धडधडत होतं.

सदानंद कठड्याशी गेला. आपला शिस्तीचा, हळू बोलणारा, फोटो न काढणारा सदानंद! त्याने दोन्ही हात डोक्यावर नेले आणि गाव गोळा करायचं असल्यासारखे हलवायला लागला. "ओ! ओ हो!" तो गळा फाडून ओरडला. मग पूर्वी, निहार, ते तिघे, कॉलेजची मुलगी, आजी-आजोबा, सगळेच. कुमुदिनीबाईंनी खोचलेला पदर सोडून तोच फडकवला.

किनाऱ्यावरच्या माणसांनी काम थांबवून बघितलं. मग एकाने हेल्मेट काढून हलवलं, दुसऱ्याने फावडं. आणि पोकलेनवाल्याने आपल्या यंत्राचा तो लांबलचक हात वर, अगदी वर उचलला आणि सावकाश डावीकडे, उजवीकडे, डावीकडे हलवला.

ओनोदेरा-सान माइक तोंडाशी तसाच धरून हसत सुटल्या, आणि ते हसणं बोटीवरच्या सगळ्या भोंग्यांतून साऱ्या खाडीला ऐकू गेलं.