पुढच्या पानावरच्या दोन ओळी

मी एक जुनी कविता आहे आणि मी अमर आहे. असं माझ्यावरच्या टिपेतच छापलंय. त्या टिपेखालच्या कवीच्या फोटोला कुणीतरी पेनाने मिशा काढल्या आहेत.

मित्रांनो, मला लिहिणारा माणूस लिफ्ट दुरुस्त करायचा. अडकलेल्या लोकांना बाहेर काढणं हे त्याचं काम. एके सकाळी घराला बाहेरून कुलूप लावून तो जिन्यात थांबला आणि औषधाच्या पाकिटावर त्याने मला लिहिलं. मी एवढीच आहे:

*आई कामाला निघाली की बाहेरून कुलूप लावायची.*
*"दार वाजवू नकोस," म्हणायची, "लवकर येते."*
*मी खिडकीत बसायचो.*
*रस्त्यावरच्या पाठमोऱ्या सगळ्या बायका आई वाटायच्या.*

*आता कामाला मी निघतो.*
*दार वाजवू नकोस, आई. लवकर येतो.*

एका संमेलनात मला दाद मिळाली. अध्यक्षांनी डोळे पुसले, त्यांना सर्दीही होती. मग मला पाठ्यपुस्तकात घेतलं आणि माझे दिवस फिरले. चित्रकाराने शेजारी डबा घेतलेली हसरी आई काढली, तीही एवढी ऐसपैस की माझ्या शेवटच्या दोन ओळींना पानावर जागाच उरली नाही. त्या पुढच्या पानावर, स्वाध्यायाच्या डोक्यावर जाऊन बसल्या. आईच्या पायाशी मात्र फुलांची वेल आली. वेल दिसली की कविता संपली, अशी मास्तर लोकांची ठाम समजूत असते.

मार्गदर्शक लिहिणाऱ्या गृहस्थांचीही तीच होती. त्यांनी वेलीपर्यंत वाचलं आणि लिहून टाकलं, 'या कवितेतून आईच्या निःस्वार्थ प्रेमाचे हृद्य दर्शन घडते. संध्याकाळी आई परतताच बाळ आनंदाने उड्या मारते.' उड्या! माझ्यात एकही उडी नाही. पण वर्षानुवर्षं वर्गच्या वर्ग ती उडी मारत आले. बाईंनी सांगायचं, मुलांनी री ओढायची. उवा शोधाव्यात तसे माझ्यात अलंकार शोधायचे आणि एखादा सापडला की चिरडून पुढे जायचं. 'कविता का आवडली' या प्रश्नाचं उत्तरही पाठ. न वाचता आवडलेली मी जगातली एकटीच नसेन, पण म्हणून काय राग येऊ नये?

मग ठमी आली. ठमी हे तिचं घरचं नाव, मागच्या बाकावर बसायची. तिने पान उलटलं. त्यात हुशारी काही नव्हती. आई-बाबा कामावर गेले की घरातून शेवटी निघायची ती. आजी अलीकडे वाट विसरायची, एकदा चपला न घालता चौकापर्यंत गेली होती. तेव्हापासून बाहेरून कुलूप लावायचं काम ठमीकडे होतं. माझी पहिली ओळ वाचल्यावर तिला पुढचं कळल्याशिवाय राहवेना.

चाचणीत मध्यवर्ती कल्पना विचारली. ठमीने लिहिलं, 'लहानपणी आईने मुलाला कोंडलं. आता तो आईला कोंडतो आणि तिचेच शब्द तिला ऐकवतो. त्याला राग आलाय, तो स्वतःचाच.'

बाईंनी तिला टेबलापाशी बोलावलं आणि हे कुठून आणलंस म्हणून विचारलं. पुढच्या पानावरून, असं ठमीने सांगितलं. बाईंनी पान उलटलं. वाचलं. परत वाचलं. माझ्या आयुष्यात मला एवढं शांत कुणी वाचलं नव्हतं, आणि क्षणभर मला वाटलं, आता काहीतरी होणार.

बाईंनी तपासलेल्या पेपरांच्या गठ्ठ्याकडे पाहिलं. सगळ्या गठ्ठ्यात बाळ उड्या मारत होतं.

"तुझं चूक नाही गं," त्या हळूच म्हणाल्या, "पण नमुना उत्तरात हे नाही ना."

"मग कविता चुकली का, बाई?"

"बस जागेवर."

गुण मिळाले ते अक्षराचे. घरी बाबांनी विचारलं, मराठीतसुद्धा दिवे लावलेस का? ठमीने वाद घातला नाही. तिने मला मोठ्याने वाचलं, पान उलटून. आजी शेजारी रुमालाच्या घड्या घालत होती, मोडत होती, पुन्हा घालत होती. बाबा बुटाची नाडी सोडता सोडता थांबले.

"मग मी काय करू?" ते म्हणाले. "कामावर जाऊ नको?"

"मला नाही माहीत, बाबा. कवितेतही नाही लिहिलेलं."

"छान आहे," आजी म्हणाली. "पुढे काय झालं त्या बाईचं?"

दुसऱ्या दिवशी बाबा शेजारच्या काकूंकडे जरा ओशाळेच गेले आणि एक किल्ली त्यांना देऊन आले. दुपारी काकू आजीपाशी बसू लागल्या. काकूंना कवितेतलं ओ की ठो कळत नाही, पण त्यांना पत्ते येतात.

म्हणून सांगते, मित्रांनो, आणि चिडूनच सांगते. कवितेचं रसग्रहण करायचं तर आधी ती संपेपर्यंत वाचा. बोलतंय कोण, कुणाशी, ते विचारा. सुरुवातीपासून शेवटापर्यंत काय बदललं ते बघा. माझ्यात कुलूप तेच राहिलं, आतलं माणूस बदललं. काय सांगितलेलं नाही तेही शोधा. दाराआडची म्हातारी माझ्यात एक शब्द बोलत नाही, का बोलत नाही? तुमच्या घरातलं काही आठवलं तर दडपू नका, पण ते माझ्या ओळींवर टेकतंय का, हे तपासा. अलंकार मग मोजा, ते कुठे पळून जात नाहीत. कविता नीट वाचली नाही म्हणून कुणी नापास होत नाही, हे मला ठाऊक आहे. फक्त दाराआड कुणीतरी बसून राहतं.

ठमीच्या बाईंनी त्या वर्षी पाठ्यपुस्तक मंडळाला पत्र लिहून कळवलं, की कविता आणि नमुना उत्तर यांचा मेळ बसत नाही. मंडळाने तातडीने दखल घेतली. नव्या आवृत्तीत माझ्या शेवटच्या दोन ओळी नाहीत.